सतरावं कलम आणि आजोबांचा हंडा

"वकील? आणि मला? अकरा वर्षं अख्ख्या काउंटीला स्टू खाऊ घालणाऱ्या माणसाला स्वतःचा हंडा परत मिळवायला वकील लागतो? हॅ!" असं बायकोला, म्हणजे लोरीनला, ऐकवून मी टेचात कोर्टाची पायरी चढलो. शहाण्यानं ती चढू नये म्हणतात. पण ते झालं शहाण्यांचं!

व्हर्जिनियाच्या आमच्या या दक्षिण कोपऱ्यात ऑक्टोबर म्हणजे फायर ब्रिगेडचा स्टू. कोंबडी, मका, घेवडा, टोमॅटो, पाचशे माणसांचं जेवण! पहाटे चूल पेटली की दुपारपर्यंत हंड्यातलं लाकडी वल्हं थांबता कामा नये. थांबलं की बुडाला लागलंच. ढवळायला पाळ्या असतात, पण वल्हं ज्याच्या ताब्यात तो स्टूमास्तर. चर्चमध्ये पाद्रीबाबांच्या आधी लोक त्याला रामराम करतात!

हंडा माझ्या आजोबांचा. ब्रिगेडचं छप्पर गळायला लागलं म्हणून लोरीनच्या भावानं, डेलबर्टनं, तो आपल्या गोठ्यात नेऊन ठेवला आणि मग द्यायचं नावच काढीना. हंडा नाही तर स्टू नाही, आणि स्टू नाही तर मला विचारतो कोण? ठोकला दावा!

"हंडा कसा आहे?" जजसाहेबांनी विचारलं.

"काळा, गोल, लोखंडी, साहेब!"

"माझ्या गोठ्यात असे दोन आहेत, साहेब," डेलबर्ट शांतपणे म्हणाला. "एक मी लिलावात घेतलाय. दाजींचा कुठला, ते दाजींनीच सांगावं."

"तीन आठवड्यांत बिल ऑफ पर्टिक्युलर्स दाखल करा," जजसाहेब मला म्हणाले. "चला, पुढचा!"

मी बाहेर आलो तो डोकं खाजवतच. दावा लिहून दिला, सही केली, आता आणखी काय राहिलं? कोर्टाच्या खिडकीवरच्या कारकून मिस युनिसना विचारलं.

"तपशीलपत्र रे, वेंडेल. वस्तू कुठली, तुझी कशी, ओळखायची कशी, सगळं कलमवार लिहायचं. तुझं म्हणणं काय ते डेलबर्टला आधी कळायला नको?"

"किती लिहू?"

"ते तू ठरव. पण जे लिहिणार नाहीस, ते मग सुनावणीत काढता यायचं नाही हं!"

झालं! या एका वाक्यानं माझी झोप उडाली. तपशील कुठला आणि पाल्हाळ कुठला, काही कळेना. मी बोलत गेलो, लोरीन टाइप करत गेली. आजोबांनी हंडा कुठून आणला, कलम एक. कुठल्या खेचरावर लादून आणला, कलम दोन. खेचराचं नाव, कलम तीन.

"खेचराचं नाव कशाला?" लोरीन.

"राहिलं तर मग काढता येणार नाही!"

मग आली ओळखीची खूण. हंड्याच्या तळाशी, आतून, तीन ओरखडे. ते कसे पडले? तपशील म्हणजे तपशील! तेही घातलं. लोरीनची बोटं क्षणभर थांबली, मग पुन्हा चालू लागली. एकूण कलमं बावन्न!

आठवड्यानं डेलबर्टचं लेखी उत्तर आलं. एवढंच: 'दाजींनी लिहिलेलं सगळं खरं आहे. विशेषतः कलम सतरा.'

मी खुर्चीवरून उडालो. कबूल केलं की गड्यानं! 'विशेषतः' कशाला ते काही उमगलं नाही, पण जिंकलेल्या माणसानं फार चौकशा करू नयेत. मी ब्रिगेडच्या कप्तान गार्नेटला फोन केला, "सगळ्यांना घेऊन या! डेलबर्टची जिरते कशी ते बघायला!"

सुनावणीला सगळे आले. एकवीस जण, धुतलेले शर्ट घालून.

जजसाहेबांनी चष्मा लावला. "कलम सतरा मोठ्यानं वाचतो. 'सदर ओरखडे मी स्वतः पाडले. अकरा वर्षांपूर्वी सकाळी सात ते आठ ढवळण्याची पाळी माझी असताना मी जरा पाठ टेकायला ट्रकमध्ये बसलो, आणि डोळा लागला. स्टू करपला. तो मी टायर काढायच्या पहारीनं खरवडला आणि स्टू डेलबर्टच्या पाळीत करपला असं सर्वांना सांगितलं. ओरखडे तेव्हाचे आहेत. करिता हंडा माझाच.'"

एकवीस माना एकदम डेलबर्टकडे वळल्या! त्या वर्षी स्टूमास्तर होता डेलबर्ट. त्या दिवशी ब्रिगेडनं त्याच्या हातातलं वल्हं काढून माझ्या हातात दिलं होतं, आणि तेव्हापासून तो दर ऑक्टोबरला खाली मान घालून कांदे सोलत होता.

"हंडा तुमचाच, यात तिळमात्र शंका नाही," जजसाहेब म्हणाले. "इतकं चोख तपशीलपत्र मी आजवर पाहिलं नाही."

"अभिनंदन, दाजी!" डेलबर्टनं हात पुढे केला. तो टोमणा की मनापासून, मला अजून कळलेलं नाही. त्याचे डोळे मात्र ओले होते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कप्तान माझ्याकडे न बघताच म्हणाला, "वेंडेल, वल्हं कुठाय?"

शनिवारी स्टू झाला. हंडा माझा, वल्हं डेलबर्टचं. स्टू, सांगायला जिवावर येतं, फर्मास झाला! मी मागच्या बाकावर कांद्याचं पोतं घेऊन बसलो होतो. लोरीन येऊन शेजारी टेकली.

"काय गं," मी डोळे पुसत विचारलं, "टाइप करताना तुला सतरावं कलम दिसलं नाही?"

"दिसलं की," ती म्हणाली. "एक स्वल्पविराम राहिला होता, तो घातला."