आबाजींनी वाल तपासले त्याची गोष्ट

आबाजी खालापूरच्या कचेरीत कारकून. कामात चोख. इतके चोख, की लोक कंटाळून आपला अर्जच मागे घेत.

दसरा झाला होता. शेतातलं भात कापलं की त्याच ओलीवर वाल पेरायचे. बायको सुंदरा बहिणीच्या बाळंतपणाला नेरळला निघाली, तेव्हा राखेत कालवलेल्या वालांचं मडकं दाखवून म्हणाली, "अवो, बाबांच्या हातचं बी हाय. माझ्या भावाचं, सहदेवाचं, सगळं भुंग्यानं खाल्लं. अर्धं त्याला, अर्धं आपल्याला. उगवतंय का तेवढं भिजवून, फडक्यात बांधून बघा."

(तिचे वडील जाऊन वर्ष झालं होतं, आणि लढाईमुळे बाजारात सगळ्याचीच टंचाई; असं बी मिळणार कुठं?)

मूठभर घ्या, हे सांगायचं राहिलं. आता हे काय सांगायला हवं? पण आबाजींना हवं होतं. मूठभर पास झाले म्हणून बाकीचे पास कशावरून? त्यांनी मडकंच उपडं केलं. घरातली फडकी संपली तशी धोतरं काढली.

सुंदरा परतली, तर ओटीवर ओल्या धोतराचं हे एवढं गाठोडं.

"ह्यात काय हाय?"

"बी! एक दाणा नापास नाही!" आबाजींची छाती फुगली होती.

"आन् मडक्यात?"

"राख."

सुंदरानं मडक्यात हात घालून पाहिला. नुसती राखच.

"अगं, उगवलंय ना? मग पेरून टाकू!"

"कुठं पेरू? तुमच्या डोक्यावर? शेतात भात उभं हाय अजून!" असं म्हणून ती पदर डोळ्यांना लावून जी रडायला लागली, ती थांबेचना. बाबांची तेवढीच आठवण उरली होती हो.

आबाजींना फार वाईट वाटलं. शेवटी हळूच म्हणाले, "सोलायला घेऊ का?"

(मोड आलेल्या वालांचं दुसरं करणार काय? बिरडं.)

आळीत घरोघर बिरडं गेलं. चौथ्या दिवशी सहदेव बी न्यायला आला, त्याच्याही पानात बिरडंच.

"ताई, अगदी बाबांच्या वालाची चव! बी कुठं हाय?"

"खातोयस ते."

सहदेवाचा घास हातातच राहिला. सुंदरानं त्याला सगळं सांगितलं आणि मागच्या दारी नेलं. न्हाणीच्या पाण्यावर तिनं मोड आलेल्या वालांच्या दोन ओळी लावल्या होत्या. "जगले तर पुढल्या साली ह्यांचं बी तुला," ती म्हणाली. सहदेवाचा जीव भांड्यात पडला. पण ओळींभोवती बोरीच्या काट्यांचं कमरेएवढं कुंपण बघून तो चक्रावला.

"येवढं कुंपण? ढोरं शिरतात का गं?"

"ढोरं नाय रं, तुझे दाजी. मुळं धरली का, ते रोज सकाळी उपटून बघत होते."