मागचे दोन शॉकअप

"मी अँबुलन्समधी येणार नाही, आत्ताच सांगून ठेवते," मैनाबाईंनी दवाखान्याच्या खाटेवरूनच बजावलं. "तुह्या बापाले त्याच गाडीत आणलं होतं. ती गाडी दारात लागली का बाया रडाले धावते. मी आपल्या घरच्या गाडीत येईन."

डॉक्टरही तेवढेच ठाम होते. "मणक्याला चीर आहे. घरी न्या, पण धक्का लागता कामा नये. लागला तर पाय चालतील याची खात्री मी देणार नाही."

या दोन हट्टांच्या मधोमध सापडला होता मैनाबाईंचा मुलगा जागेश्वर, आणि त्याची गाडी. बुटीबोरीच्या सूतगिरणीत कामाला असलेल्या जागेश्वरने ती चौदा वर्षांपूर्वी घेतली, तीही जुनीच. तिचे शॉकअप कधीच राम म्हणून गेले होते. रस्त्यावरचं केळ्याचं साल ओलांडलं तरी आतल्या माणसाला कळायचं.

चार दिवस जागेश्वर दुकानं पालथी घालत हिंडला. कंपनीच्या मालाचा भाव ऐकून त्याचाच मणका वाकला. स्वस्त मालाची गॅरंटी दुकानाच्या पायरीपर्यंत होती. भंगारवाल्याकडचे शॉकअप नव्यासारखे चमकत होते, पण बोट लावलं तर काळा रंग बोटाला आला. शेवटी तो रोशन मिस्त्रीकडे गेला.

"चारही टाका भाऊ," रोशन म्हणाला. "दोन टाकून गाडी लंगडीच राहील."

"माय मागं झोपणार आहे. कंपनीचे दोन मागं टाक."

"अन् समोर?"

"समोर मी आहो. माह्या हाडाची चिंता कोणाले आहे?"

"नवे जरा कडक राह्यते बरं. बसाले टाइम लागते."

पण जागेश्वरचं लक्ष कुठे! पिशवीत चाराचे पैसे असते तर तो दोनावर आलाच नसता.

सुटीच्या दिवशी सकाळी त्याने चाचणी घ्यायचं ठरवलं. बायकोचा भाऊ चंदन आयताच पाहुणा आलेला होता. त्याला मागच्या सीटवर, मैनाबाईंसाठी धुतलेल्या पांढऱ्या चादरीत निजवून सीताबर्डीच्या दवाखान्यापासून घराकडच्या बेशापर्यंत गाडी अगदी पायी चालीने आणली. चंदन ताडमाड, त्यामुळे त्याचे पाय खिडकीबाहेर आले. डोळ्यांवर ऊन यायला लागलं तशी त्याने चादर तोंडावर ओढली.

बेशाच्या चौकात शेजारच्या तुळसाबाई भाजी घेत होत्या. समोर जागेश्वर, तोंड एवढंसं झालेलं. मागे पांढरी चादर, बाहेर दोन पाय. मैनाबाईंच्या मानाने ते पाय फारच मोठे होते, पण अशा वेळी पायाचं माप कोण घेतो? वांगी तिथेच टाकून बाई घराकडे पळाल्या.

जागेश्वरने त्यांना पाहिलंही नाही. पुढे चहाच्या टपरीवर गाडी थांबवून त्याने विचारलं, "कसं वाटलं बे? धक्के लागले काय?"

"मले तं झोप लागली होती, भाऊजी."

झोप लागली! जागेश्वर हरखून गेला. चंदनला तिथेच उतरवून तो दवाखान्यात परतला आणि दुपारी बारा वाजता आईला घेऊन, आता नव्या शॉकअपच्या भरवशावर नेहमीच्या वेगाने, निघाला. सीटच्या पाठीकडे तोंड करून मैनाबाई निजल्या होत्या.

पहिल्याच खड्ड्यात गाडीचं नाक आपटलं आणि जागेश्वरचे दात वाजले. मागून हूं नाही की चूं नाही. दुसरा खड्डा, तरी मागे शांत. वा रे शॉकअप! पैसे वसूल झाले, असं मनाशी म्हणत तो सिग्नलला थांबला, तेवढ्यात बायकोचा, भावनाचा फोन आला.

"अहो, लवकर या! दारात पंचवीस बाया जमल्या. तुळसाबाई छाती पिटून राहिली. उमरेडवाले सोयरे निघालेसुद्धा!"

"काहून? झालं काय?"

"आई गेल्या म्हणते! मी म्हणते, जित्या आहेत, तं मलेच पाणी पाजून राहिल्या. चंदन सांगते, चादरीत मीच होतो, तं त्याचं कोणी ऐकत नाही."

"माय माह्या मागंच झोपली आहे."

"बोलल्या काय तुमच्याशी?"

जागेश्वरच्या तोंडचं पाणी पळालं. दवाखाना सोडल्यापासून मैनाबाई एक अक्षर बोलल्या नव्हत्या. सिग्नल सुटला, मागचे भोंगे वाजू लागले.

"माय?" त्याने हळूच हाक मारली. "माय वं?"

काही नाही. आरशात नुसती चादर दिसत होती. मागे वळून पाहायची त्याची छाती होईना. पंचवीस बाया म्हणतात म्हणजे काहीतरी असेलच, असं त्याला वाटायला लागलं. एवढे चांगले शॉकअप घ्यायला आपल्याला कोणत्या दुश्मनानं सांगितलं होतं? जुने असते तर निदान कण्हणं तरी ऐकू आलं असतं. त्याला रडू फुटलं, आणि शेवटी चार दिवस जे टाळायला तो वणवण हिंडला तेच त्याने केलं. दात आवळून त्याने गाडी मुद्दाम खड्ड्यात घातली.

त्याचं डोकं टपाला आदळलं. मागे शांत.

त्याने पुढचा, त्याहून मोठा खड्डा धरला.

"डोळे फुटले काय गा तुहे?" मागून किंकाळी आली. "जीव घेतं काय माहा?"

जागेश्वरने गाडी कडेला लावली आणि वळून पाहिलं. मैनाबाईंचे डोळे वाहत होते. पदराचा बोळा ओलाचिंब झाला होता, त्यावर दातांच्या खुणा होत्या.

"पाय हालव, माय! हालते काय?"

"हालते. घालू काय एक लात?"

"मंग बोलली काहून नाही? मी हाक मारून राहिलो होतो ना!"

"पदर दातात होता. सोडला असता तं बोंबच निघाली असती."

"म्हणजे लागत होतं?"

"दगडावर निजवल्यासारखं लागत होतं, बापू. पण चार दिवस दुकानं हिंडला तू. तुले कसं सांगू?"

जागेश्वरने हात मागे नेऊन आईच्या कपाळावरचा घाम पुसला.

"आता ओरड, माय," तो म्हणाला. "लागलं का ओरडजो. मले आयकू येऊ दे."

मग पहिल्या गिअरमध्ये, सायकलवालेही पुढे जातील अशा चालीने ती गाडी बेशाकडे निघाली. वाटेतला एकही खडा मैनाबाईंनी सोडला नाही. मुलाला, मिस्त्रीला, रस्ता बांधणाऱ्याला, सगळ्यांना शिव्या घालत त्या गल्लीत शिरल्या, तेव्हा दारात रडणाऱ्या पंचवीस बाया एकदम गप्प झाल्या.