विहीणबाईंच्या फुलदाण्या

अंबरनाथच्या गयाबाईंनी मुलाच्या, मुकेशच्या साखरपुड्यासाठी लेकीच्या सासरहून, विहिणीकडून फुलदाण्या मागून आणल्या, तिथेच बिघडलं. बुद्धमूर्तीच्या दोन्ही बाजूंना शोभतील, एवढाच हेतू. बदलापूरच्या यशोधराबाईंनी दिल्या, पण सोबत भाषणही दिलं. "फ्रान्सच्या आहेत, दोनशे वर्षांच्या. मामंजी ज्या बंगल्यावर कामाला होते, तिथल्या मालकांनी दिल्या. सोन्याचा मुलामा तेव्हाचाच. कुणाचं बोट लागू दिलं नाही मी."

निळीशार चिनीमाती, खाली सोनेरी बैठक आणि कानांच्या जागी मेंढ्यांची सोनेरी मुंडकी. देखण्या होत्या, खोटं कशाला बोला.

दुसऱ्याची वस्तू घासल्याशिवाय परत करायची नाही, ही गयाबाईंची रीत. साखरपुडा झाला आणि त्या चिंच-मीठ घेऊन मोरीत बसल्या. पहिल्या मेंढ्याचं नाक फिकं पडलं. मळ निघतोय म्हणून बाईंनी जोर वाढवला. चारही मेंढे लख्ख पितळी झाले, तेव्हा मुकेश आला.

"आई, हा मळ नव्हता. सोनं होतं."

"चिंचेनं सोनं जातं होय रे? माझ्या कानातलं नाही गेलं कधी."

"ते जाऊ दे. रविनाचं काय? तिची सासू तिला जन्मभर ऐकवेल."

लेकीचं नाव निघाल्यावर बाई उठल्या. दोघं फुलदाण्या घेऊन उल्हासनगरला, मुलामा चढवणाऱ्या चेलारामच्या दुकानात गेले. त्यानं कागद सोडला आणि कपाळाला हात लावला.

"ये मेंढे फिर आ गए? मागच्या साली बदलापूरच्या मॅडम घेऊन आल्या होत्या. लिंबानं घासले होते त्यांनी. मी बोललो होतो, माझ्या मुलाम्याला खटाई लावू नका."

गयाबाईंनी फुलदाणी उचलून मेंढ्याचं नाक निरखलं.

"शाम को ले जाना," चेलाराम म्हणाला. "नवीन चढवतो. कुणाला समजणार पण नाही."

"राहू दे. बांध परत."

"आई, डोकं फिरलंय का तुझं?"

"रिक्षा बघ."

बदलापूरला यशोधराबाईंनी स्वतः कागद सोडला. उघडेबोडके मेंढे बघून रविना दारातच थिजली.

"अहो, हे काय केलंत? दोनशे वर्षांचं सोनं..." यशोधराबाई ओरडल्या.

"चेलारामनं नमस्कार सांगितलाय," गयाबाई पदर सावरत म्हणाल्या. "खटाई लावू नका म्हणाला. दोघींना."

यशोधराबाईंनी फुलदाण्या कपाटावर ठेवल्या, मेंढ्यांची तोंडं भिंतीकडे करून. मग सुनेकडे वळल्या.

"रविना, उभी का गं? आईजवळ बस जरा. चहा मी टाकते."