मारोतरावांचा डेन्मार्क

लकव्याने पडलेल्या बायकोची सेवा करणारे आमच्या घुग्घुसात पुष्कळ असतील. पण ती डेन्मार्कच्या पद्धतीने करणारे मारोतराव एकटेच. डेन्मार्क नकाशात कुठे आहे, हे त्यांना ठाऊक नाही. त्यावाचून त्यांचं काही अडतही नाही.

कोळसा खाणीत ते पाळीवरच्या कामगारांवर देखरेख करणारे ओव्हरमन होते. निवृत्तीनंतर मोबाइलवर परदेशी म्हाताऱ्यांचे व्हिडिओ पाहू लागले. आईला एखाद्या शुश्रूषा केंद्रात ठेवू, असा नागपूरच्या लेकीचा, वनिताचा, धोशा होता. तिला उत्तर द्यायला हे सगळे देश कामाला लागले. गल्लीत कोणी खोकलं तरी मारोतराव थांबत. "जर्मनीत आजाऱ्यांच्या पाच पायऱ्या असतेत. तुमाले दुसरीत टाकलं असतं, गुरुजी," असं ते मला म्हणाले, तेव्हा मला साधी सर्दी झाली होती.

बायकोच्या, सुमनबाईंच्या, उशाशी त्यांनी खाणीसारखा पाळ्यांचा फळा टांगला. पहिली पाळी मारोतराव, तिसरी मारोतराव. दुसरीत माझं नाव.

"मला विचारलंत का?"

"हॉलंडात इचारा लागत नाई. शेजारी सोताच येतेत."

मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा ते जागचे हलले नाहीत. मी कसा बसतो, ते पाहत बसले.

अखेर एका रविवारी सकाळी वनिता गाडीच घेऊन आली. केंद्रात खाट ठरवली होती.

"बाबा, बाहात्तरचे झाले तुमी. आता तुमालेच कोणी उचला लागते."

"ने ना," मारोतराव ऐटीत म्हणाले. "जपानात असंच करतेत. पण चार्ज देल्याशिवाय पाळी सुटत नाई. आयक."

आणि दारातच त्यांनी चार्ज द्यायला सुरुवात केली.

"चहा कोमट. डाव्या गालाकडून, चमच्यानं. दुपारी दार उघडं ठेवजो, ट्रकचा आवाज नाई आला तं घाबरते. वेणी सैल घालजो. अन् 'नको' म्हणाली तं पुन्हा इचारजो. पहिलं नको तिचं लाजेचं असते. दुसरं खरं."

परदेशाचं नाव घ्यायचं राहूनच गेलं.

वनिता गाडीपाशी गेली. मग ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊ, गाडी वापस न्या. मी पंधरा दिवस इथीच राह्यतो." आत जाऊन तिने आईची वेणी सोडली.

आता मारोतराव चूक काढणार, म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून, गाढ झोपले होते. सकाळचे दहाही वाजले नव्हते.