आठ फुटी फळीच्या फत्तेची हकीकत

समुद्र साक्ष ठेवून आणि भरती-ओहोटीची परवानगी घेऊन ही हकीकत लिहिली जाते ऐसीजे. खाडीचे धक्क्यावर सरकार आणि खासगी कंपनी, ऐशा दोन दौलतींनीं हातांत हात घालोन जो पराक्रम केला तो कालौघांत बुडों नये, बुडण्याजोगें तेथें आधींच पुष्कळ होतें, म्हणोन आम्ही, समन्वय समितीचे इतिवृत्तकार, समितीचा चहा प्यालों असतांही, जें घडलें तें यथास्थित लिहितों.

पूर्वपीठिका ऐसी कीं धक्का सरकारचा आणि फेरीबोट कंपनीची, आणि दोहोंमध्यें जें पाणी तें कोणाचेंच नव्हे. त्या पाण्यावर पूर्वीं एक लांब जुनी फळी पडलेली असे आणि तिजवरोन अवघी रयत बोटींत उतरे. ती कोणीं आणिली हें कोणास ठाऊक नव्हतें, म्हणोनच ती इतकीं वर्षें टिकली. मग सहकार्याचा तहनामा जाहला, आणि दोन्ही दौलतींनीं आपापले मालमत्तेची मोजदाद केली, आणि फळी कोणाचेच यादींत सांपडेना, तेव्हां तीस बेवारस ठरवोन उचलून नेली. सहकार्याचा पहिला विजय तो हा. तेथून पुढें लोक भरतीची वाट पाहत बसों लागले, कारण ओहोटीस बोट दीड पुरुष खालीं जाई आणि उडी घेण्याची छाती सर्वांसच नसते.

मग नवे फळीची मसलत मांडली. सरकारी मोजणीदार भरतीचे समयीं आले आणि बोट धक्क्याशीं समतल पाहोन चार फूट पुरे म्हणोन लिहोन गेले. कंपनीचे मोजणीदार ओहोटीस आले आणि बारा फुटांवांचून गत्यंतर नाहीं ऐसें लिहोन गेले. मग सात बैठका जाहल्या, आणि जाबसाल जाहले, आणि बिस्किटांचे तीन डबे धारातीर्थीं पडले, परंतु कोणी मागें हटेना. अखेर आठवे बैठकीस राजमान्य राजश्री बंदर अधिकारी आणि अखंडितनफालंकृत कंपनीचे व्यवस्थापक यांणीं एकमेकांस मिठी मारोन फर्माविलें कीं, चार आणि बारा यांचा मध्य काढावा, म्हणजे कोणाचाच मान जात नाहीं. तेणेंप्रमाणें आठ फूट मुक्रर जाहले. समुद्राचें मत घेण्याची चाल समितींत नव्हती.

याच सुमारास दीपगृहाचे निवृत्त रखवालदार, वय वर्षें अठ्ठ्याहत्तर, यांचा एक डोळा आधींच गेला होता आणि दुसरा जाण्याचे बेतांत होता. पैलतीरीं इस्पितळांत शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती, ती चुकल्यास पुढली सहा महिन्यांनीं, आणि डॉक्टरांनीं साफ सांगितलें होतें कीं डोळा तितका थांबणार नाहीं. त्यांची लेक घरीं शिवणकाम करी. तिणें सावधपणें आदले दिवशींचे भरतीस जाण्याची तजवीज केली. परंतु समितीनें फर्मान काढिलें कीं उद्घाटनाचे तयारीस्तव धक्का तीन दिवस बंद, आणि पहिली फेरी फीत कापल्यावर, सकाळीं आठ वाजतां. तीच शस्त्रक्रियेची सकाळ. लेकीनें धक्क्यावरील पहारेकऱ्यास विनविलें, तो वरिष्ठांकडे बोट दाखवी. ती वरिष्ठांकडे गेली, ते कंपनीकडे बोट दाखवीत. फेरीबोट सोडोन सर्व बोटें चालू होतीं.

उद्घाटनाचा दिवस उजाडला आणि ऐन ओहोटी होती. दोन्ही सरदार फौजफाट्यासह दाखल जाहले, आणि भाषणें जाहलीं, आणि फीत कापिली, आणि चौघा हुजऱ्यांनीं रंगविलेली फळी दिमाखांत पुढें सरकविली. ती पुढें गेली, आणखी पुढें गेली, आणि बोटीस न शिवतां सरळ पाण्यांत गेली. मग व्यवस्थापकांनीं टाळी वाजविली, म्हणोन सर्वांनीं वाजविली, आणि दोन्ही फौजा उपाहाराचे तंबूकडे कूच करत्या जाहल्या.

धक्क्यावर उरले तिघे, आणि खालीं बोटींत कंपनीचा खलाशी. लेक रडकुंडीस आली.

"दादा, काहीतरी करा हो. आज नाही तर बाबांचा डोळा गेला म्हणून समजा."

"ताई, धक्क्याबाहेर हात काढायची मला परवानगी नाही," पहारेकरी म्हणाला आणि तंबूकडे पाहों लागला. मग त्यानें दिवा बदलण्याची सरकारी शिडी काढिली आणि बोटींत सोडिली. "अरे, खालून धरशील का?"

"कंपनी बघतेय का?"

"कंपनी खातेय."

"मग द्या इकडे."

मग सरकारनें वरोन धरिलें आणि कंपनीनें खालोन धरिलें, आणि मध्यें पाणी हेलकावत होतें, आणि म्हातारबुवांनीं पाठ फिरवोन पाऊल टाकिलें. लेकीनें त्यांची बाही घट्ट धरिली. ते म्हणाले, "घाबरू नकोस गं, चाळीस वर्षं वर-खालीच केलंय," आणि नऊ पायऱ्या चाचपीत बोटींत उतरले. मागोमाग लेक उतरली. हें लिहितां आम्हींही टाळी वाजविली, ती इतिवृत्तांत धरों नये.

पुढें समितीची नववी बैठक भरली. फळीविषयीं ठराव जाहला कीं ती पूर्णपणें कार्यान्वित असोन सध्यां पाण्याखालीं आहे. पहारेकऱ्यास सरकारी शिडी खासगी बोटीस लाविल्याबद्दल आणि खलाश्यास खासगी हात सरकारी शिडीस लाविल्याबद्दल नोटीस बजाविली. दोन्ही नोटिसांचा मसुदा उभय दौलतींनीं एकत्र बसोन केला, आणि ऐसें एकमत पूर्वीं कधीं देखिलें नव्हतें.

चौथे दिवशीं भरतीचे वेळीं म्हातारबुवा लेकीचा हात धरोन परतले. शस्त्रक्रिया सफल जाहली होती. धक्क्यावर नवा संगमरवरी फलक होता, तो त्यांनीं चष्म्यावांचून खडाखडा वाचला: उद्घाटन, दोन्ही सरदारांचीं नांवें, आठ फूट लांबी. मग त्यांनीं डावीकडे पाहिलें, उजवीकडे पाहिलें, आणि डोळा चोळोन लेकीस पुसिलें, "पोरी, डॉक्टरांना परत एकदा दाखवूया का? मला फळी दिसत नाहीये."

येणेंप्रमाणें मोहीम फत्ते जाहली. लाभार्थी, एक. हें वर्तमान समितीचे दप्तरीं दाखल जाहलें असे.