बाराचा भोंगा

रागिणीने दाखल्यावर सही केली नाही. कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि खुशालरावांसमोर परत सरकवला.

खुशालराव निंबखेडचे सरपंच आणि नात्याने तिचे चुलतसासरे. गावात त्यांचा कागद असा परत येत नसे.

"सूनबाई, एका सहीले काय जोर लागते?"

"यात लिहिलंय की नवा सायरन जुन्या भोंग्यापेक्षा मोठ्यानं वाजतो. तो वाजत नाही, काकाजी."

"अहो, छापील हाये ते. नव्याचे एकशे अठरा डेसिबल. जुन्याचे तुमीच मोजून एकशे चार सांगितले. आता एकशे अठरा मोठे का एकशे चार? बाळापूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवता नं तुमी?"

"एकशे अठरा एका मीटरवरून मोजलेत. मी जुना मोजला तो तीस मीटरवरून. नव्यापासून तीस मीटर मागं सरलं, की अठ्ठ्याऐंशी उरतात."

"मंग मागं सराचंच कायले?"

"नदीत शेळ्या चारणारा डोमाजी नऊशे मीटरवर असतो, म्हणून."

खुशालरावांनी चहा मागवला.

जुना भोंगा बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमधला. जिन गेली, भोंगा ग्रामपंचायतीच्या खांबावर आला. रोज दुपारी बाराला वाजायचा, आणि धरणातून पाणी सोडल्याचा फोन आला की तेव्हाही. मागच्या पावसाळ्यात तसाच वाजला होता. सगळे काठावर आले, पण नदीपात्रातला डोमाजी काही वर आला नाही. दोन शेळ्या वाहून गेल्या आणि डोमाजी बाभळीला घट्ट धरून लटकलेला सापडला. अंगात इतके काटे होते की त्याच्या बायकोला, जाईबाईला, ते काढायला दोन दिवस लागले. गावाने ठरवलं, भोंगा म्हातारा झाला, त्याचा आवाज नदीपर्यंत पोचत नाही. म्हणून हा नवा सायरन. खांब एकच होता; नवा तूर्तास पंचायतीच्या गच्चीवर होता. तालुक्याने दोन्हींच्या तुलनेचा दाखला मागितला होता; त्यावर शास्त्र शिकवणाऱ्या कुणाची तरी सही झाली, की जुना उतरणार होता.

"उद्या दोन्ही वाजवा," रागिणी म्हणाली. "अकराला नवा, सव्वाअकराला जुना. मी मीटर घेऊन नदीत उभी राहते."

"आन् नवाच मोठा निंगाला तं?"

"तर दोन सह्या करीन. पण गावात दवंडी नको. आधी सांगितलं की सगळ्यांनाच ऐकू येतं."

ही अट तिची होती, हे पुढे खुशालरावांनी बऱ्याच लोकांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नदीला घोट्याएवढं पाणी होतं. रागिणी डोमाजीपासून शंभर पावलांवर, बाभळीआड उभी राहिली. अकराला खुशालरावांचा फोन आला. "सुरू केला. आयकू येते का?"

"फोनमधून येतोय."

मीटर वाऱ्याच्या आवाजावर अठ्ठावन्न दाखवत होतं, ते अठ्ठावन्नच राहिलं. डोमाजी एका शेळीच्या पायातला काटा काढत होता. त्याने मान वर केली नाही. रागिणीने वहीत आकडा लिहिला आणि त्याखाली सरळ रेघ मारली.

सव्वाअकराला जुना वाजला. मीटर सहासष्टवर गेलं. डोमाजीने मान वर केली. तो उठला, शेळ्यांना हाकारलं. रागिणीला वाटलं, आताच्या आता जाऊन खुशालरावांसमोर वही आपटावी.

मग डोमाजीने शेळ्या पात्राच्या ऐन मध्यावर, झुडपाच्या सावलीत बसवल्या, हात धुतले, आणि मांडी घालून स्वतःही बसला.

फोन वाजला. "सूनबाई, शाळा सुटली. पोरं घरी येऊन ताटावर बसले. चुलीवर भाजी कच्ची हाये अन् बाया मले शिव्या देऊन राहिल्या. काय म्हणू मी त्यायले?"

"चाचणी होती म्हणा."

"ते म्हनलो. मंग तं जास्तच देऊन राहिल्या."

रागिणी वाळू तुडवत डोमाजीपाशी गेली. "डोमाजी, भोंगा ऐकला नाही का?"

"आयकला नं. म्हनून तं बसलो. भाकर घेऊन येईनच आता जाईबाई."

"तो बाराचा नव्हता. सव्वाअकरा झालेत."

डोमाजीने आपल्या सावलीकडे पाहिलं. "मले वाटलंच, सावली लंबी हाये. पन भोंग्यापुढं सावलीचं काय चालते?"

"पाण्याचाही भोंगा हाच वाजतो नं? मागच्या साली पाणी आलं, तेव्हा नव्हता ऐकला?"

"तवाबी आयकला होता."

"मग?"

"मंग काय? बाराचा समजून जेवाले बसलो होतो. ठेचा होता."

इतक्यात काठावरून हाक आली. जाईबाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"ओ शेयीवाले! भाकर तव्यावर हाये अजून! कोनाचे बारा वाजले आज एवढ्या लौकर? उठा तिथून!"

डोमाजी भोंग्याला बसला होता, या हाकेला उठला. शेळ्याही उठल्या. मीटर हातात चालूच होतं. रागिणीने आकडा पाहिला, जाईबाईपर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं, आणि वहीत लिहिलं.

संध्याकाळी खुशालरावांनी दाखला पुन्हा पुढे केला. रागिणीने आपला कागद त्यावर ठेवला. नदीपात्रात मोजलेला नवा सायरन, ऐकू येत नाही. जुना भोंगा, सहासष्ट. जुना पाण्यासाठीच ठेवावा, बाराला वाजवू नये. बाराला नवा, शाळेच्या भिंतीवरून वाजवावा. शाळेपुरता तो पुष्कळ आहे.

"म्हनजे एवढा छापील सायरन जेवाच्या सुट्टीले?"

"हो."

"आन् डोमाजीले बारा कसे कयतीन? त्याले तं नवा आयकूच येत नाही."

"तिसरी ओळ वाचा, काकाजी."

खुशालरावांनी चष्मा लावला. जाईबाई, काठावरून, दीडशे मीटर, बहात्तर.

"सूनबाई, हे असं तालुक्याले पाठवू मी?"

"तुलना मागितली होती, केली. या कागदावर सही केलीय. त्या कागदावर होणार नाही."

खुशालरावांनी आकडे पुन्हा एकदा वाचले. बाहेर जाईबाई डोमाजीला काहीतरी सांगत घराकडे चालली होती, आणि ते खिडकी बंद असूनही नीट ऐकू येत होतं.

"बहात्तर कमी नाही वाटत तुमाले?" त्यांनी विचारलं.