सफरचंदाचे तीन घास

"लिही," हे म्हणाले. "'भिवंडी तालुक्यात आजवर असा एकच माणूस झाला, ज्याच्या नजरेतून सुई सुटली नाही आणि ज्याच्या नाकाला वासाने कधी फसवलं नाही. तो म्हणजे अवधूत पोतनीस. उंची मध्यम, बुद्धी उत्तुंग.' लिहिलंस?"

लिहिलं. पुढचं मात्र जसं घडलं तसं लिहिते. घट बसल्यापासून माझं व्रत आहे, खोटं बोलायचं नाही आणि कुणाला उणं बोलायचं नाही. उद्या दसऱ्याला ते सुटेल. उणं लिहिण्याबद्दल पोथीत काही सांगितलेलं नाही. मी दोनदा पाहिलं.

हे जकात नाक्यावर कारकून होते. ताडपत्री न उचलता ट्रकमध्ये काय आहे ते वासावरून सांगायचे, असं हे सांगतात. पुढे जकात बंद झाली, नाका गेला, हे घरी आले. तपासणी तेवढी चालू राहिली. आता ट्रकऐवजी माझी भाजीची पिशवी अडवली जाते. गेल्या वर्षी यांनी कार्ड छापून घेतलं: 'अवधूत पोतनीस, खाजगी शोधक. केस लहान असो वा मोठी.' मोठी अजून आलेली नाही. लहान एक आली होती, खालच्या मजल्यावरच्या विनिताच्या हरवलेल्या चपलेची. ती विनिताच्याच पायात सापडली. सापडली ती विनितालाच, पण बिल यांनी दिलं.

तर कालपर्यंत असं सगळं सुरळीत होतं. आज खंडेनवमी उजाडली.

आमच्या सुनेला, रुचिराला, बेकिंगचा नाद. माहेरून येताना ती ओव्हन घेऊन आली. माझ्या सासूबाई, माई, नव्वदीला टेकलेल्या. खारबावच्या घरात चुलीवर वाढलेल्या. त्यांनी ओव्हनभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला, "विजेच्या पेटीत अन्न गरम होतं, शिजत नाही. शिजायला अग्नी लागतो." त्यामुळे ओव्हनची रवानगी गॅलरीत झाली, वॉशिंग मशीनच्या शेजारी.  ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून गॅलरीत जाताना रुचिराच्या बांगड्या जरा जास्तच वाजायच्या.

त्या ओव्हनला आज पहिल्यांदा बाहेरचं काम मिळालं होतं. आमच्या मुलाचा, केदारचा, शाळेतला मित्र मिलिंद हायवेजवळच्या वडपे गावात एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. तिथे खंडेनवमीला वजनकाट्यापासून फोर्कलिफ्टपर्यंत सगळ्यांना झेंडूचे हार घालून पूजा होते. दरवर्षी पेढे असतात. यंदा मिलिंद म्हणाला, "वहिनी, पेढ्याला पब्लिक कंटाळलीय. आता मार्केटमध्ये सफरचंदं मस्त आलीत. त्याचंच काहीतरी छोटं छोटं करा ना, एका घासात खल्लास होणारं. फक्त शेठची एक अट आहे. देवापुढे ठेवायचंय, तर कोणी चाखलेलं चालणार नाही."

ही अट रुचिराला जड होती. ती जिथे शिकली तिथे चाखल्याशिवाय ट्रे बाहेर जाऊ देत नाहीत. आमच्याकडे चाखला की तो नैवेद्य राहत नाही, उष्टं होतं. क्षणभर विचार करून ती म्हणाली, "आई, शब्द देते. जिभेला लावणार नाही."

सकाळी मी घटाची माळ ओवत होते आणि घरभर सफरचंदाचा वास सुटला होता. पदार्थ सोपा. सफरचंदाच्या बारीक फोडी साजूक तुपावर परतायच्या, त्यात गूळ आणि दालचिनी घालायची. लोण्यात मळलेल्या कणकेच्या इवल्याशा वाट्या साच्यात दाबायच्या, त्यात हे सारण भरायचं आणि भाजायचं. अंड्याचं नावसुद्धा नाही. रुचिरा त्यांना ॲपल बाइट्स म्हणते. मी सफरचंदाचे घास म्हणते.

तिसरा ट्रे निघाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. चेहरा उतरलेला.

"आई, प्रत्येक ट्रेमधला एक-एक घास गायब आहे. तीनही वेळा कोपऱ्यातलाच. पहिल्यांदा वाटलं, मीच भरायला विसरले. पण तीनदा कसं विसरेन? ट्रे निवायला ठेवला आणि पुढचा भरायला आत आले, तेवढ्यात जातोय. मी नाही हो खाल्ला."

"ठाऊक आहे गं मला. हळू बोल."

उशीर झाला होता. वर्तमानपत्र खाली आलं आणि त्यामागून हे वर आले.

"गायब?" यांच्या डोळ्यांत मी लग्नानंतर क्वचितच पाहिलेलं तेज होतं. "कुणी कशाला हात लावू नका. माल अडवला!"

पूजेच्या तबकातला लाल दोरा घेऊन यांनी तीनही ट्रे बांधले, गाठी मारल्या आणि माझ्याकडे वळले. "नीला, नैवेद्याआधी कुणी त्यातलं खाल्लं असेल तर शास्त्र काय सांगतं?"

खोटं बोलायचं नव्हतं. "मग तो देवाला दाखवता येत नाही," मी म्हणाले. रुचिराने माझ्याकडे पाहिलं ते मला आवडलं नाही.

"झालं तर! गुन्हेगार सापडेपर्यंत नैवेद्य नाही, डिलिव्हरी नाही. आणि केस गुप्त. काय गायब आहे हे कुणी कुणाला सांगायचं नाही. गुन्हेगार सावध होतो."

"बाबा, मिलिंदभावजी निघालेसुद्धा असतील," रुचिरा म्हणाली.

"तू आधी सांग, तू चाखलंस का?"

"नाही, बाबा."

"हं. गुन्हेगार नेहमी हेच म्हणतो."

"निर्दोष माणूस काय म्हणतो?" मी मऊ आवाजात विचारलं.

यांनी थोडा विचार केला. "तोही हेच म्हणतो. म्हणून तर शोधक लागतो."

मग यांनी गॅलरीत जाऊन डोळे मिटले आणि नाक वर केलं. "जळका वास! नीला, येतोय का? जळका, कडवट... बिडी! बाहेरचा माणूस गॅलरीतून चढला, बिडी विझवली आणि घास घेऊन उतरला."

"तीनदा चढला?" मी विचारलं.

"सराईत आहे."

"अहो, आपण दुसऱ्या मजल्यावर राहतो."

"सराईत आणि सडपातळ," हे म्हणाले आणि कठड्यावरून वाकून पाहू लागले. खाली विनिता रांगोळी काढत होती. तिने वर पाहिलं. एवढ्यावर तिला साक्षीसाठी बोलावणं गेलं.

विनिता हातावरची रांगोळी झटकत आली. यांनी तिला खोलीत नेऊन दार लावलं. दार पातळ आहे.

"आज सकाळी तू आमच्या घरात आली होतीस?"

"आले होते ना, काका. काकूंकडे झेंडू मागायला."

"तोंडाला दालचिनीचा वास येतोय."

"लवंग आहे. दाढ दुखतेय."

"कुठली दाढ?"

"काका, तुम्ही दाताचे डॉक्टर कधी झालात?"

दार उघडलं. विनिता माझ्या कानाशी म्हणाली, "काकू, काय हरवलंय?" मी म्हणाले, "गुप्त आहे." ती म्हणाली, "मग मी आता इथेच थांबते." आणि सोफ्यावर बसली.

त्यानंतर माईंची पाळी. माई देवघरात जप करत होत्या. हे समोर मांडी घालून बसले.

"माई, आज सकाळपासून तू काय काय खाल्लंस?"

माईंनी माळ थांबवली. "नैवेद्याआधी मी खाईन? तुझी आई आहे ना रे मी?"

"गोड काही? छोटं? गोल?"

"अवधूत, माझा उपास आहे आणि तोंडात दात नाहीत. उठ इथून."

हे उठले. बाहेर येऊन म्हणाले, "माई निर्दोष. दात नाहीत." मग माझ्याकडे रोखून पाहिलं. "तू?"

"माझाही उपास आहे."

"उपासाच्या माणसाइतकी भूक कुणाला असते?"

मी माळेतलं पुढचं फूल ओवलं. "उद्यानंतर बोलू," मी म्हणाले.

मागच्या गल्लीत एक यंत्रमाग अजून चालू होता. त्याच्या खटखटीने आमच्या भांड्यांच्या मांडणीला कायमच बारीक थरथर असते. यांनी एकदम चुटकी वाजवली. "लूम! हादऱ्याने घास उडाला, घरंगळला आणि गॅलरीतून खाली पडला! निसर्गनियम!" प्रयोगासाठी टेबलाच्या कडेला लिंबू ठेवलं आणि हे त्याच्यासमोर वाकून बसले. लिंबू हललं नाही. हेही हलले नाहीत. विनिता म्हणाली, "काका, लिंबाला काही विचारायचंय का?"

तेवढ्यात मिलिंद आला, घाम पुसत. "वहिनी, रेडी आहे ना? गाडी खाली डबल पार्क केलीय. शेठचा दोनदा फोन येऊन गेला. हायवेला नुसता जाम होता."

"कशाचा जाम?" हे ताडकन उठले. "सफरचंदाचा?"

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. मी झेंडूकडे पाहिलं.

"माल अडवलाय," हे म्हणाले. "मिलिंद, आपल्याच मालातला एक-एक नग आधी कमी करायचा आणि मग भाव पाडून मागायचा, ही युक्ती नाक्यावर मी पुष्कळ पाहिली."

"काका, ॲडव्हान्स मी कधीच दिलाय. आणि मी आत्ता येतोय!"

"अशी साक्ष सगळेच देतात."

"बाबा, बस," रुचिरा म्हणाली. आवाज चढला नाही, पण विनिता सोफ्यावर सरळ झाली. "भावजी, यातला एक-एक घास गेलाय. कुणी खाल्ला, मला माहीत नाही. मी नाही खाल्ला, पण ते दाखवून देता येत नाही. उष्टं म्हणून तुमच्याकडे काही जाऊ नये. थोडं सारण उरलंय, पीठही आहे. जेवढे होतील तेवढे नवीन करून देते. थांबाल?"

"वहिनी, तिकडे पूजेला बसलेत लोक..." मिलिंदने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि फोन काढला. "थांबतो. शेठना सांगतो, टायर बसला."

ती चौथा ट्रे भरायला लागली.  माळ बाजूला ठेवून मीही वाट्या दाबायला बसले. मला खूप काही बोलायचं होतं. त्यातलं निम्मं व्रतात बसत नव्हतं. उरलेल्यातलं एक बोलले, "रुचिरा, तू शब्द दिला होतास, तो मोडला नाहीस. मला दुसरा पुरावा नको." तिने मनगटाने डोळे पुसले आणि कपाळाला पीठ लावून घेतलं.

ओव्हन लावला. दोन मिनिटं गेली नाहीत तोच गॅलरीतून धूर आला.

"बिडी!" हे ओरडले. "तो परत आलाय!"

रुचिरा धावली, बटण बंद केलं, दार उघडलं. मग चिमट्याने ओव्हनच्या तळाचा, चुरा गोळा होतो तो पातळ कप्पा बाहेर ओढला. त्यावर ओळीने तीन काळे गोळे होते. कोळसाच म्हणायचा. एकातून मात्र गूळ अजून बुडबुडत होता.

 मागचा लूम तेवढा खटखटत होता.

"अगं, काढतेस काय ते?" मागून आवाज आला. जप संपवून माई दारात उभ्या होत्या. "अग्नीचं आहे. राहू दे तिथेच."

"माई, तुम्ही ठेवलेत?" मी विचारलं.

"मग काय! प्रत्येक घाण्यातला पहिला अग्नीला. चुलीत टाकायचो, गॅसवरही टाकते चिमूटभर, तू बघतेस की रोज. आज बघते तर हिच्या पेटीतली कांडी लालभडक, अगदी निखाऱ्यासारखी. खाली राखेचा कप्पाही आहे. म्हटलं, पोर एकटी राबतेय, पण हिच्या चुलीला कुणी वाढलंच नाही. सणाचा दिवस. अग्नी उपाशी कसा ठेवायचा?"

"अगं, पण मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीस?" हे म्हणाले.

"तू विचारलंस, काय खाल्लंस. मी काही खाल्लं नव्हतं. काय हरवलंय ते तू सांगितलंस का?"

विनिता इतकी हसली की दाढ धरून बसली. मिलिंदला हसावं की नाही ते कळेना, म्हणून त्याने स्वतःच लाल दोरे सोडायला घेतले. "म्हणजे हे उष्टे नाहीत ना, आजी?"

"उष्टे? अग्नीला दाखवून झालेत. आता याहून शुद्ध काय असतं रे, बाबा?"

मी एका वाटीत पाच घास काढून देवीपुढे ठेवले, पाणी फिरवलं आणि डोळे मिटले. रुचिराला हात जोडायलाही वेळ नव्हता, ती खोके भरत होती. मिलिंद दोन-दोन पायऱ्या उतरत गेला. दुपारी त्याचा फोन आला. शेठ म्हणाले, दिवाळीला असेच द्या, तिप्पट. आणि त्या टायरवाल्याचं नाव विचारत होते, इतक्या पटकन काम कोण करतं म्हणून.

संध्याकाळी ओव्हन स्वयंपाकघरात आला, गॅसच्या शेजारी. माईंनीच जागा दाखवली. "चूल काय कपडे धुवायच्या यंत्राजवळ ठेवतात?" म्हणाल्या, जणू ती तिथे दुसऱ्याच कुणी ठेवली होती. मग त्यांनी ओव्हनच्या दाराला हळदीकुंकू लावलं आणि रुचिराच्या कपाळावर. सकाळचं पीठ तिथे अजून होतं.

एवढं लिहून मी वही यांच्यापुढे ठेवली. यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. माझ्याकडे एकदा पाहिलं. पुन्हा वाचलं.

"जळका वास मला सगळ्यांच्या आधी आला होता," हे म्हणाले. "ते लिहिलंयस, बरं झालं."  वाटीतला प्रसादाचा घास तोंडात टाकला, डोळे मिटून चघळला. "गूळ थोडा पुढे आहे, पण छान. रुचिरालाही सांग, छान आहेत."

"तुम्हीच सांगा."

"सांगतो. पण तू खरं सांग, नीला. एकूण माझा तपास कसा झाला?"

मी समईत तेल घातलं, वात पुढे सारली.

"उद्या सांगते," मी म्हणाले.